टॉवेलच्या धंद्यात जाणकार म्हणून नाव कसं कमवायचं? (कारखाना सोलापूर)

मागावरची_लेक:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. बाबांनी उभा केला, आता विक्री मी बघते. माल व्यापाऱ्यांमार्फत जातो, त्यामुळे आमचे टॉवेल वापरणाऱ्या हॉटेलांना, हॉस्पिटलांना आमचं नावही माहीत नाही. मला त्यांच्यापर्यंत थेट पोचायचंय. एक एजन्सी म्हणते, कंटेंट मार्केटिंग करा, ‘थॉट लीडर’, म्हणजे धंद्यातले जाणकार, व्हा. त्यासाठी ते दर महिन्याला सणांच्या शुभेच्छा आणि यशाची सूत्रं सांगणाऱ्या पोस्ट करून देणार. मला ते पटत नाहीये. टॉवेल बनवणाऱ्यानं काय लिहावं, म्हणजे खरेदी करणारा आपला शब्द मानेल? भाषा कुठली ठेवावी? आणि बाबांना धास्ती आहे, की आतलं लिहिलं तर शेजारचे कारखानदार उचलतील.

सुताचा_हिशेब (सोलापूर):
ताई, ते पॅकेज घेऊ नका. दिवाळीच्या शुभेच्छा टॉवेलवाला देतो आणि टायरवालाही देतो. तुम्हाला टॉवेल कळतो हे त्यातून कुणाला दिसणार?

माझी सगळी नोकरी टॉवेलच्या फिनिशिंगला आणि तपासणीला गेली. गिऱ्हाईक काय विचारतं ते सांगतो, तेच तुमचे विषय. पहिला प्रश्न ठरलेला: नवा टॉवेल पाणी का टिपत नाही? कारण हाताला मऊ लागावा म्हणून शेवटी सॉफ्टनर देतात. सिलिकॉनचा असला की धाग्यावर थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. काही धुण्यांत तो उतरतो. पण लॉन्ड्रीत परत कंडिशनर घातलं की पहिले पाढे पंचावन्न. हे नुसतं लिहू नका, दाखवा. परातीत पाणी घ्या. एक तुकडा नव्या टॉवेलचा, एक चार-पाचदा धुतलेल्याचा. दोन्ही एकदम पाण्यावर सोडा आणि कुठला आधी बुडतो ते मोबाईलवर घ्या. मागे मागांचा खडखडाट आला तर येऊ द्या, कारखाना खरा आहे हे त्यातूनच कळतं.

दुसरा विषय जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हा शब्द सगळे फेकतात, हिशेब कुणी सांगत नाही. 75 बाय 150 सेंमीचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. 400 जीएसएम असेल तर वजन 450 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, 500 असेल तर साधारण 560. हॉटेलवाल्याला सांगा, किचनमधला काटा आणा आणि ठेवून बघा. आणि हेही लिहा, की जड म्हणजे चांगला असं नाही. जड टॉवेल वाळायला वेळ घेतो. रोज धुणाऱ्या लॉजला मी 400-450च्या वर सुचवणार नाही. जो विक्रेता स्वतःहून स्वस्तातला माल सुचवतो, त्याचं पुढचं बोलणं लोक कान देऊन ऐकतात.

हॉस्पिटलांसाठी रंगाबद्दल लिहा. तिथं क्लोरीनचं ब्लीच असतं. रिअॅक्टिव्ह रंग त्यात बहुधा फिके पडतात, व्हॅट रंग तग धरतात. हे ऑर्डरच्या आधी सांगणारा माणूस विरळा.

बाबांना सांगा, यातलं काहीही शेजारच्याला नवीन नाही. नवीन आहे ते खरेदीदाराला. सूत कुठून घेता, काय दरानं घेता, गिऱ्हाईक कोण, एवढंच घरात ठेवा. आणि लिहिणं एजन्सीकडे देऊ नका. तुमच्या जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमाला विचारा, बाबांना विचारा, खाली नाव तुमचं घाला.

जुनी_मासिकं:
हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यानं 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं मुखपत्र म्हणून निघालेलं ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घराघरांत वाचलं गेलं. शंकरराव किर्लोस्करांसारखा घरचाच माणूस संपादक होता, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

हॉटेल_खरेदी_कोल्हापूर:
मी खरेदीच्या बाजूचा. माझ्या कामाचं कुणीच लिहीत नाही: टॉवेल किती धुण्यांनी खरखरीत होतो, कड कधी उसवते. एकाच टॉवेलचे नवा असताना, पन्नास धुण्यांनंतर आणि शंभर धुण्यांनंतर असे फोटो टाका, मी जपून ठेवीन. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्यानं माल कुठला ते कळतं, त्याचा जीएसएम किती हे कळत नाही. तेही समजावून लिहा. भाषा मराठीच ठेवा, हिंदीत खाली चार ओळी द्या. आमच्या लॉन्ड्रीतली पोरं दोन्ही वाचतात, आणि टॉवेलचं आयुष्य त्यांच्याच हातात असतं. आम्ही लिंक्डइनपेक्षा व्हॉट्सअॅपवर जास्त असतो, तिथं पाठवा.

मागावरची_लेक:
खूप आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ‘सूत-दर सोडून काय पण लिही’ म्हणाले, आणि पहिला विषयही त्यांनीच दिला: टॉवेलवरचा धाग्याचा लूप (फास) ओढला गेला तर लॉन्ड्रीवाले तो हातानं खेचतात, मग पुढची रांग सुटत जाते. कात्रीनं कापडालगत कापला की टॉवेलला काही होत नाही. उद्या जॉबरकाकांच्या हातानं कापतानाचा व्हिडिओ घेते. धुण्यांच्या फोटोंसाठी आजच पांढरे टॉवेल बाजूला काढले. कोल्हापूरचे दादा, त्यातले दोन तुमच्या लॉन्ड्रीत धुवून बघाल का? आमच्या घरच्या मशीनपेक्षा तिथला निकाल खरा येईल.

हॉटेल_खरेदी_कोल्हापूर:
पाठवा. कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईनं खूण करा, नाहीतर आमच्या ढिगात हरवतील. दर दहा धुण्यांनी फोटो देतो, कड उसवली तरी देतो.