अनुभव धागा: सरकारी खर्चाने संगणक किंवा स्मार्टफोन शिकलात, शिकवलात?

कळफलक
युरोपीय संघाने २०३० पर्यंत १६ ते ७४ वयोगटातील किमान ८० टक्के लोकांना मूलभूत डिजिटल कौशल्ये यावीत असे उद्दिष्ट ठेवले आहे आणि २०२३ च्या पाहणीत हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपासच होते, असे काल वाचनात आले. त्यावरून सरकारी अनुदानावर चालणारा एक वर्ग आठवला, जिथे मी काही काळ शिकवत असे. संस्थेला पैसे मिळत ते परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारामागे, त्यामुळे आमचा सारा भर प्रश्नसंच घोटून घेण्यावर असे. एक आजोबा ब्राउझरची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवत, पण ओटीपीचा संदेश आला की फोन माझ्या हातात देऊन मोकळे होत. प्रमाणपत्र मात्र त्यांना मिळाले. तुमच्या पाहण्यात असा पैसा कुठे सत्कारणी लागला आणि कुठे वाया गेला, ते जरूर लिहावे.

उंबरठा
माझ्या सासूबाई वर्गात काहीच शिकल्या नाहीत. शिकल्या त्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या मदतीच्या टेबलापाशी. त्या चिन्हावर बोट इतका वेळ दाबून धरत की उघडण्याऐवजी ते हलवण्याची किंवा काढून टाकण्याची सूचना येई. तिथल्या मुलीने त्यांचा फोन हातात न घेता नुसते सांगितले, "दाबू नका, टेकवा आणि उचला." अभ्यासक्रमात हे वाक्य कुठेही सापडणार नाही. पुढे त्या स्वतःची अडचण कागदावर लिहून नेऊ लागल्या, आणि त्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचा पगार सार्वजनिक निधीतून होत होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरी_पाळी
आजोबांनी पासवर्ड कुठे लिहून ठेवला होता, ते राहिलेच की! आमच्याकडे तो फोनच्या कव्हरमागे असतो.

कळफलक
चष्म्याच्या घरात. सोबत बँकेचा पिनही होता.

नोंदवही
उंबरठा यांनी सांगितलेलीच गोष्ट फ्रान्सने मोठ्या प्रमाणावर केली. २०२१ पासून तिथे सुमारे ४,००० डिजिटल सल्लागार ग्रंथालयांत, नगरपालिकांत आणि सामाजिक संस्थांत नेमण्यात आले आणि त्यांच्या पगाराचा मोठा वाटा केंद्र सरकारने उचलला. सिंगापूरनेही २०२० मध्ये स्वतंत्र कार्यालय काढून ज्येष्ठांना आणि फेरीवाल्यांना शिकवण्यासाठी १,००० डिजिटल दूत भरती केले. माणसांवर केलेला खर्च यंत्रखरेदीसारखा छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तो मंजूर करून घेणे अवघड जाते, असे माझे निरीक्षण आहे.

पाणकावळा
यंत्रांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मी जिथे काम करत असे, तिथे अनुदानातून टॅब्लेट आले, पण दुरुस्ती, चार्जर आणि इंटरनेट यांसाठी स्वतंत्र तरतूदच नव्हती. खराब झाल्यास जबाबदारी कोणाची, या धास्तीने ते कपाटात कुलूपबंद राहिले आणि बाहेर काढले तेव्हा बऱ्याच बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या.

हिशेबी
परीक्षेशी पैसे जोडण्यावर एवढा रोष नको. भारतातील २०१७ च्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात सहा कोटी कुटुंबांतून प्रत्येकी एकाला शिकवायचे होते आणि प्रशिक्षण २० तासांचे होते. एवढ्या अवाढव्य कामात काहीतरी मोजल्याशिवाय पैसे कसे द्यायचे? मोजमाप हवेच, फक्त ते योग्य वेळी हवे. अर्धे अनुदान परीक्षेनंतर द्यावे आणि उरलेले सहा महिन्यांनी, तोच माणूस कोणाच्या मदतीशिवाय एखादा अर्ज भरू शकतो की नाही हे पाहून द्यावे.

उंबरठा
तो अर्जच आधी सुधारा! चार पाने भरून झाल्यावर "आपले सत्र संपले आहे" असे सांगून पहिल्या पानावर परत पाठवणाऱ्या संकेतस्थळापुढे माझीही साक्षरता संपते. वाईट संकेतस्थळ सहन करायला शिकवण्यावर जनतेचा पैसा घालण्याआधी त्यातला थोडा ते संकेतस्थळ नीट करण्यावर घालावा.

दुसरी_पाळी
अगदी मनातले बोललात. 😄

नोंदवही
निधी किती, याइतकाच तो किती काळ टिकतो हाही प्रश्न आहे. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने डिजिटल समानतेसाठी २.७५ अब्ज डॉलरची तरतूद केली होती, पण मे २०२५ मध्ये ते अनुदान कार्यक्रम थांबवण्यात आले. फ्रान्समध्येही सल्लागारांच्या पगारातला सरकारी वाटा पुढे घटत गेल्यावर लहान नगरपालिकांपुढे ही माणसे ठेवायची कशी, असा पेच उभा राहिला. दर दोन वर्षांनी ॲप बदलते आणि फसवणुकीची तऱ्हाही बदलते, त्यामुळे एकदाच शिकवून हात झटकता येत नाहीत.

कळफलक
हिशेबी यांची दोन हप्त्यांची कल्पना मला पटली, पण सहा महिन्यांनी तपासायला जाणार कोण?

हिशेबी
ज्याला दुसरा हप्ता मिळायचा आहे तो नव्हे, एवढे नक्की.