बाबांचं पाळणाघर आणि आपला क्लबहाउस (सोसायटी ग्रुपवरून)

गुरुवार

[रात्री ९:१२] ईराची आई, ए-२०१: परवा शनिवारी आम्ही अकराजणी जेजुरी-मोरगावला चाललोय. सकाळी ७ ला गाडी, परत यायला रात्रीचे ८. पोरांचं बाबालोकांनी बघायचं. एकूण १६ पोरं, सगळ्यात लहान दीड वर्षाचं. क्लबहाउस सांगून ठेवलाय.

[रात्री ९:१५] कबीरचे बाबा, बी-५०४: निर्धास्त जा. मागच्या रविवारी आम्ही सहाजणांनी पोरांसकट ‘डॅडी डे केअर’ बघितलाय. ट्रेनिंग पूर्ण 😎

[रात्री ९:१६] ईराची आई, ए-२०१: त्यात पहिल्याच दिवशी घराची काय दैना होते, तेवढ्यात तुम्ही चहा टाकायला उठला होतात वाटतं.

[रात्री ९:१९] सुपेकाका, ए-६०३: कसला सिनेमा? आम्हाला कोणी बोलावलं नाही.

[रात्री ९:२६] ओवीचे बाबा, सी-३०२: काका, २००३ चा आहे. एडी मर्फी आणि त्याचा जाडा मित्र एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत असतात. मुलांसाठी भाज्यांचं सीरियल (कॉर्नफ्लेक्ससारखं, नाश्त्याचं) काढतात, मुलं ते तोंडात घेत नाहीत, दोघांची नोकरी जाते. एडीची बायको पुन्हा वकिली सुरू करते. पोराच्या भारी शाळेची फी काही झेपत नाही. मग दोघं घरातच पाळणाघर थाटतात. त्या भारी शाळेची बाई, मिस हॅरिडन, यांच्या वाईटावर. ते काम अँजेलिका ह्यूस्टनने केलंय, ऑस्करवाली नटी, आणि तिने ते मजा घेत केलंय. सरकारी इन्स्पेक्टर सारखा तपासायला येतो. दीड तासाचा खेळ आहे.

[रात्री ९:२८] सुपेकाका, ए-६०३: म्हणजे पोरांना दुधीची भाजी खपवायला निघाले आणि बुडाले. बरं झालं.

[रात्री ९:३१] शाल्वचे बाबा, बी-१०४: समीक्षकांनी धू धू धुतला होता तेव्हा. तरी कमाई १६ कोटी डॉलरच्या वर, खर्च ६ कोटी. अमेरिकेत लागला ९ मे २००३ ला, म्हणजे ऐन मदर्स डेच्या तोंडावर 😄 त्यातली एक चिमुरडी म्हणजे पुढे मोठी नटी झालेली एल फॅनिंग, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. २००७ मध्ये दुसरा भाग आला, त्यात एडी मर्फी नाही. तो बघू नका.

[रात्री ९:४०] ईराची आई, ए-२०१: मला एकच म्हणायचंय. बाबा पोरं सांभाळतात म्हणून त्याचा विनोदी सिनेमा झाला. आमच्या लेलेआजींनी पाळणाघरात बावीस वर्षं सांभाळली, त्यांच्यावर कोणी साधी रील काढली नाही.

[रात्री ९:४१] कबीरचे बाबा, बी-५०४: अहो पण तो सिनेमा बाबांनाच हसतो ना!

[रात्री ९:४३] ईराची आई, ए-२०१: हसतो कुठे, लाड करतो. बाईला शू पुसता आली नाही तर कोणी टाळ्या वाजवत नाही.

[रात्री ९:५८] आर्याची आई, सी-२०४: कायदाही तसाच आहे की. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते. पोराला बघायला दिवसातून चार वेळा जायची मुभा आहे, पण ती बाईला. बाबाचं नाव नाही. रजा आईला २६ आठवडे. केंद्र सरकारच्या नोकरीत बाबाला १५ दिवस. खाजगीत साहेबाच्या मर्जीवर. मुंज, बारसं आणि बाप होणं एकाच कॅज्युअल लीव्हमध्ये.

[रात्री १०:०५] सुपेकाका, ए-६०३: आमच्या वेळी बाप व्हायला अर्धा दिवस पुरायचा. पेढे वाटून दुपारी कामावर.

[रात्री १०:०६] सुपेकाकू, ए-६०३: आणि ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

[रात्री १०:३४] लेलेआजी, सी-१०२: नातीने मलाही दाखवला तो पिक्चर. बोलून टाइप करतेय, चुका पोटात घाला. त्यातला तो इन्स्पेक्टर मला आवडला. पोरं वाढली, आता तिसरा माणूस हवा, असं तो सांगतो, ते बरोबर. म्हणून तर तो टपाल वाटणारा मार्विन येतो. त्याला ऑफिसात कोणी विचारत नसतं, पण पोरांशी त्याचंच सगळ्यात चांगलं जमतं. आमचे हे बँकेतून रिटायर झाल्यावर पाळणाघरात बसायला लागले, तेव्हा पालक दारातून विचारायचे, आजी नाहीत का? हे म्हणायचे, आहेत, पण आज भात मी कालवलाय. महिन्याभरात पोरं आत आल्या आल्या ‘आजोबा कुठायत’ म्हणायला लागली.
पिक्चरमध्ये एक पोरगा त्या सुपरहिरो फ्लॅशचा ड्रेस अंगातून काढतच नाही. ते अगदी खरं. माझ्याकडे एक होता, भर मे महिन्यात माकडटोपी. घामाने डोकं थबथबायचं, पण टोपीला हात लावला की भोकाड. मी म्हटलं राहू दे. जूनच्या पहिल्या पावसात त्याने स्वतःच काढली, कारण त्याला गारा वेचून ठेवायला भांडं हवं होतं. नाव सांगत नाही. हल्ली आपल्या सोसायटीत पदावर आहे.

[रात्री १०:३५] कबीरचे बाबा, बी-५०४: 😂😂 आजी, हिंट पुरे

[रात्री १०:३६] सेक्रेटरी, सी-४०१: क्लबहाउस वापराचे नियम उद्या टाकतो.

[रात्री १०:५२] लेलेआजी, सी-१०२: आता खोटं काय ते सांगते. त्या पिक्चरमध्ये सगळा दंगाच लक्षात राहतो, दुपारची झोप नाही. निम्मं पाळणाघर म्हणजे दुपारची झोप. १ वाजता पडदे ओढायचे, पंखा तीनवर. लवकर झोपणारी भिंतीकडे, टक्क डोळ्यांची दाराकडे. कोणीतरी गुणगुणत राहायचं, गाणं कुठलंही चालतं, मी पाढे म्हणायची.
शिवाय: सोळाच्या सोळांच्या पाठीवर चिकटपट्टी लावा, नाव आणि घरचा नंबर लिहून. छातीवर लावली तर काढून चावतात. दर अर्ध्या तासाने डोकी मोजा. मोजणारा एकच ठेवा, दोघांनी मोजलं की आकडा चुकतो. पिझ्झा मागवायचा नाही. मऊ भात, मेतकूट, तूप. आणि आयांनो, निघताना टाटा करून सरळ चालू पडा. आई दिसेनाशी झाली की रडं पाच मिनिटांत थांबतं. खिडकीतून डोकावलात तर तासभर.

[रात्री ११:०२] ओवीचे बाबा, सी-३०२: मोजणी मी. वहीवर घेतो.

शुक्रवार

[सकाळी १०:१०] सेक्रेटरी, सी-४०१: क्लबहाउस: १) फक्त सभासदांची मुले. २) चप्पल बाहेर. ३) टेबल टेनिसच्या टेबलावर चढू नये. ४) भिंती नुकत्याच रंगवल्या आहेत.

[सकाळी १०:११] शाल्वचे बाबा, बी-१०४: चौथा वाचून भीती वाटली.

शनिवार

[सकाळी ७:०८] ईराची आई, ए-२०१: निघालो. ईरा रडत होती, मी मागे वळले नाही. आजींची आज्ञा.

[सकाळी ७:१४] कबीरचे बाबा, बी-५०४: थांबली रडायची. आता कबीर रडतोय, तो का रडतोय ते कळत नाहीये.

[सकाळी ८:००] ओवीचे बाबा, सी-३०२: १६.

[सकाळी ८:४०] शाल्वचे बाबा, बी-१०४: बाथरूममध्ये कोण गेलं होतं? सिनेमातल्या त्या सीनला मी रविवारी खो खो हसलो होतो. आज त्याच ठिकाणी फरशी पुसतोय. नेम म्हणून काही प्रकार असतो की नाही.

[सकाळी ९:०२] ईराची आई, ए-२०१: आम्ही मिसळ खातोय. छान आहे.

[सकाळी ९:३०] ओवीचे बाबा, सी-३०२: १६. एकाची चिकटपट्टी दुसऱ्याच्या पाठीवर गेलीय, तरी १६.

[सकाळी ११:००] ओवीचे बाबा, सी-३०२: १५

[सकाळी ११:०१] ओवीचे बाबा, सी-३०२: पुन्हा मोजतोय

[सकाळी ११:०२] ओवीचे बाबा, सी-३०२: १५. कोणीतरी जिन्यात बघा. आयांनी हा मेसेज वाचू नये

[सकाळी ११:०३] ईराची आई, ए-२०१: अकराजणींनी वाचला.

[सकाळी ११:०९] कबीरचे बाबा, बी-५०४: सापडली! ईरा. टेबल टेनिसच्या टेबलाखाली, कॅरमच्या सोंगट्या ओळीने मांडत बसली होती. हाका मारल्या तर म्हणाली, मी ओ दिली नाही कारण माझं काम चाललं होतं.

[सकाळी ११:१०] ईराची आई, ए-२०१: बापावर गेलीय.

[दुपारी १२:२०] शाल्वचे बाबा, बी-१०४: भात झाला. पहिल्यांदा कच्चा, दुसऱ्यांदा खळ. तिसरा कुकर आजींनी वरून पाठवला. मेतकूट मागून मागून खातायत. माझा पोरगा घरी याच भाताला नाक मुरडतो!

[दुपारी १२:३०] ओवीचे बाबा, सी-३०२: १७.

[दुपारी १२:३१] आर्याची आई, सी-२०४: ??

[दुपारी १२:३१] ओवीचे बाबा, सी-३०२: तीनदा मोजलं. १७.

[दुपारी १२:३५] कबीरचे बाबा, बी-५०४: वॉचमनची धाकटी आहे. रोज गेटच्या पायरीवर बसलेली असते ती. आज चप्पल बाहेर काढून, ओळीत नीट लावून आत आली आणि पंगतीत शेवटी बसली. तिच्या पाठीवर पट्टी नाही, म्हणून आधी लक्षातच आलं नाही.

[दुपारी १२:४१] सेक्रेटरी, सी-४०१: तिच्या घरी सांगा. माझं वैयक्तिक काही नाही, पण नियम क्र. १ वाचावा. आज एक, उद्या शेजारच्या सोसायटीतून येतील.

[दुपारी १२:४४] लेलेआजी, सी-१०२: सेक्रेटरीसाहेब, ती माकडटोपी अजून माझ्या कपाटात आहे. खाली घेऊन येऊ का?

[दुपारी १२:४५] सेक्रेटरी, सी-४०१: …

[दुपारी १२:४७] सेक्रेटरी, सी-४०१: वाढा तिला. आणि पट्टीवर नाव लिहा. १ वाजत आलाय, पाढे म्हणायला मी येतो.