मदत हवी आहे: घरच्या संगणकासाठी आवाज न करणारी वॉटर कूलिंग प्रणाली कोणती घ्यावी?

पूर्णाकाठची
घरच्या संगणकासाठी शांत चालणारी वॉटर कूलिंग प्रणाली तातडीने घ्यायची आहे. २४० मिमीचा रेडिएटर (पाणी गार करणारा, पंखे लावलेला भाग) पुरेल की ३६० मिमीचाच घ्यावा, एवढेच मला विचारायचे आहे. कृपया हवेवरचे कूलर सुचवू नयेत. आत्ता आहे तो तसाच आहे आणि त्याच्या आवाजाने माझे काम नासते आहे. अक्षय्य तृतीया झाली की आजी तिच्या लेकीकडे जाईल, त्याआधी हे व्हायला हवे.

वर्धेकर
ताई, प्रोसेसर कोणता, कॅबिनेट केवढे, ग्राफिक्स कार्डाला पंखा आहे की नाही आणि आवाज नेमका कुठून येतो, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय रेडिएटरचे माप सांगणे म्हणजे रोग न बघता औषध देण्यासारखे होईल. आजींच्या जाण्याचा याच्याशी काय संबंध आहे, तेही कळले नाही.

संत्राबाग
आमच्याकडे कूलर फार आवाज करत असे. वाळ्याच्या ताट्या काढून हनीकोंब पॅड बसवले आणि पाण्याच्या मोटारीखाली रबराचा तुकडा ठेवला, तेव्हा निम्मा आवाज गेला. टाकीतले पाणी आठवड्याला बदलत जावे, कारण खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने पॅडवर क्षार बसतात.

पूर्णाकाठची
संत्राबाग दादा, खोलीतल्या कूलरबद्दल मी विचारलेले नाही. माझ्या कामाच्या वेळी तो बंदच असतो.

मी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करते आहे. दुसरी ओळ संपली की आजी उजव्या हाताने खुंटा धरूनच डाव्या हाताने ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडात सोडते. त्या वैरणीपुरते जाते मंदावते, तिचा श्वास ऐकू येतो आणि बांगड्या एकदाच वाजतात. नेमका तेव्हाच संगणकाचा पंखा चढतो आणि पुढची ओळ सुरू होईपर्यंत उतरत नाही. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स आहे, त्यावर दुकानदाराने १२० मिमीच्या एका पंख्याचा कूलर बसवून दिला होता. ग्राफिक्स कार्ड बिनपंख्याचे आहे. दोन मायक्रोफोन यूएसबी इंटरफेसला (त्यांचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीला) जोडलेले असतात आणि संगणक माजघरातच, आजीपासून पाच-सहा हातांवर आहे. आता तरी माप सांगावे.

यवतमाळचा तंत्री
३६० मिमीचाच घ्या, मी तीन वर्षे वापरतो आहे. पाणी हळूहळू तापते, त्यामुळे पंखे प्रोसेसरच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानावर चालवले, तर क्षणभराच्या उसळीने ते चढत नाहीत. ताईंची अडचण नेमकी हीच आहे.

वर्धेकर
हे खरे आहे, पण अर्धेच आहे. पाणी फिरवणारा पंप कधीच थांबत नाही आणि त्याची बारीक घूं मायक्रोफोनला ऐकू जाते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर गुळगुळ वेगळीच. हवेवरच्या कूलरला पंखा सोडला तर हलणारा भागच नसतो. दोन मनोऱ्यांचा मोठा कूलर सुमारे १६० मिमी उंच असतो. तो कॅबिनेटमध्ये मावला तर मी तोच घेईन.

दुसरे असे की वॉटर कूलिंग हे फ्रीज नव्हे, ते प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. समजा पूर्ण भारावर प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंश वर जातो. डिसेंबरात खोली २५ अंश असेल तर तो ७५ वर राहील. एप्रिलात खोलीतला कूलर बंद करून खोली ४२ झाली, तर हिशेब ९२ वर जातो आणि ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे. म्हणून आधी उष्णता कमी करावी. बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ६५ वॉटचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालण्याची सोय, लावल्यास याची वीज १४२ वॉटवरून ८८ वॉटवर येते. ध्वनिमुद्रणाला एवढे पुरून उरते.

यवतमाळचा तंत्री
माझ्या पंपाचा आवाज मला तरी ऐकू येत नाही. आठ कोरचा प्रोसेसर विकत घेऊन त्याला बांधून ठेवणे मला पटत नाही.

वर्धेकर
आपल्या कानाला ऐकू न येणे आणि शांत ओवीच्या मागे मायक्रोफोनला ऐकू न येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इको मोड हवा तेव्हा काढता येतो.

नादवेडा
इतका खर्च कशाला? ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा आवाज काढून टाकता येतो.

पूर्णाकाठची
ते करून पाहिले आहे. जात्याची घरघरही पंख्यासारखीच अखंड असते, त्यामुळे पंख्याबरोबर तीही जाते आणि आजी पोकळीत गाते आहे असे वाटते. जाते नसेल तर ती ओवी राहत नाही, म्हणून मला पंखा मुळातच नको आहे.

मातीची भिंत
ताई, संगणक माजघरातच असायला हवा का? शेजारी कोठीची खोली असेल तर तो तिकडे ठेवून इंटरफेस, कीबोर्ड आणि पडदा तेवढे इकडे आणावे. यूएसबी २.० ची तार ५ मीटरपर्यंत चालते आणि तुमच्या दोन मायक्रोफोनांना तेवढा वेग भरपूर आहे. यूएसबी ३.० ची साधी तार मात्र ३ मीटरच्या पुढे नेऊ नये. आमच्या जुन्या घरात तारा झरोक्यातून काढल्या आणि उरलेल्या फटीत जुनी गोधडी कोंबली.

वर्धेकर
हे मला आधी सुचायला हवे होते. ताई, कॅबिनेट शेवटचे कधी उघडले होते?

पूर्णाकाठची
आज पहिल्यांदा उघडले. घराच्या ओसरीत दर हंगामात कापूस साठवलेला असतो, हे मी लिहिले नव्हते, कारण इकडे घरोघरी तसेच असते. कूलरच्या पत्र्यांमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ मिळून गोधडीच्या अस्तरासारखा थर बसला होता. पंखा बोटाने धरून ठेवून रंगाच्या मऊ ब्रशने तो काढला. इको मोडही लावला. आता ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा चढतो, पण पूर्वीच्या निम्माही नाही. ५ मीटरची तार उद्या अमरावतीहून येईल आणि परवा पहाटे संगणक कोठीत ठेवून आजीला जात्यावर बसवीन.

तरीही माझा प्रश्न उरतोच. पावसाळ्यात याच संगणकावर संपादन करायचे आहे, तेही रात्री, आजी शेजारी झोपलेली असताना. कॅबिनेटच्या छताला १२० मिमीचे दोनच पंखे बसतात आणि बाजूच्या झाकणापर्यंत कूलरसाठी १५५ मिमी जागा आहे.

वर्धेकर
मग माझा मोठा कूलर मावणार नाही आणि तीन पंख्यांच्या ३६० मिमीचा प्रश्नच येत नाही. इको मोड ठेवणार असाल तर २४० मिमी पुरेल. रेडिएटर छताला लावा, म्हणजे हवा वर रेडिएटरच्या टोकाला जमते आणि पंपात शिरत नाही. पंप हा सबंध वळशातला सर्वांत उंच भाग कधीही होऊ देऊ नये. विकत घेण्याआधी छत आणि रॅमच्या पट्ट्या यांच्यातले अंतर मोजा, रेडिएटर आणि पंखा मिळून साधारण ५२ मिमी लागतात. पंपाचा वेग कमी करता येतो असेच मॉडेल घ्या. आणि कापूस घरात असेपर्यंत हवा आत घेणाऱ्या बाजूला जाळी लावून ती दर पंधरवड्याला झटका.

यवतमाळचा तंत्री
२४० ला माझीही हरकत नाही. परवाची ओवी नीट आली का, तेवढे इथे जरूर लिहा.