तुमचे आमदार किती वेळा निवडून आले? नाशिककरांनो, अनुभव लिहा

एकच माणूस चार-पाच वेळा आमदार होतो, तेव्हा लोकांचं आणि त्याचं नातं नेमकं कसलं असतं? नाशकात राहणाऱ्या सगळ्यांनी लिहावं, मूळ गाव कुठलंही असो. ऐकीव किस्से आणि प्रचार नको. तक्रार असेल तर नाव न घेता करा.

मूळ सांगोला, आता अंबड

आमच्याकडचं उदाहरण टोकाचं आहे. गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ साली अकराव्यांदा. पक्ष कायम एकच, शेतकरी कामगार पक्ष. कंपनीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग मंत्री किती वेळा?" १९७८ला आणि १९९९ला. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. लोकांना हे पटतच नाही.

ते एसटीनं फिरायचे हे आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मला मोठं वाटतं ते कापूस न पिकणाऱ्या दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी चालवून दाखवणं. आणि ते हरलेही आहेत. १९९५ला शहाजीबापू पाटलांकडून (हो, 'काय झाडी'वाले तेच) फक्त १९२ मतांनी. आमच्या घरातले दोघं त्या दिवशी मतदानाला गेले नव्हते. आजीनं त्यांना पुढची कित्येक वर्षं जेवताना ऐकवलं, "आबासाहेब (गणपतरावच) तुमच्यामुळं पडले." २०१९ला वयामुळं ते उभे राहिले नाहीत, २०२१ला गेले. आजी त्याआधीच गेली, नाहीतर तिनं घरात सुतक पाळलं असतं.

सुरगाणा, सध्या पंचवटी

आमचे जे. पी. गावित, लाल बावट्याचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. १९७८पासून धरलं तर सात वेळा आमदार. आमच्या भागात आमदार म्हणजे वनजमिनीचा दावा. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असाल तर कायद्यानं चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, पण मिळेपर्यंत ग्रामसभेचा ठराव, वनसमिती, प्रांत, जिल्हा समिती. आमचं कसतं रान मोठं, कागदावर आलं ते त्याचा एक तुकडा.

६ मार्च २०१८ला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून शेतकऱ्यांचा मुंबईपर्यंतचा लाँग मार्च निघाला, त्यात मी आणि आई होतो. कसारा घाट उतरल्यावर आईच्या चपलेचा अंगठा तुटला, पुढं ती अनवाणीच चालली. शेवटच्या रात्री शीवहून आझाद मैदानापर्यंत रात्रीतच चाललो, कारण सकाळी दहावीच्या पोरांचे पेपर होते. १२ तारखेला सरकारनं लेखी आश्वासन दिलं. एवढं झाल्यावर २०१९ला आमदार कोण? राष्ट्रवादीचे नितीन पवार. सांगायला हरकत नाही, आमच्याच घरातलं एक मत तिकडं गेलं. भावाचं म्हणणं, मोर्चाला लाल बावटा, रस्त्याला मोठ्या पक्षाचा माणूस. आई त्याच्याशी महिनाभर धड बोलली नाही.

एका आमदारांच्या कार्यालयात काम केलेला

कोणाच्या ते विचारू नका. शिफारसपत्र सगळेच आमदार देतात, कागदही तसाच असतो. फरक फोनला पडतो. तहसीलदार साधारण तीन वर्षांत बदलून जातो, आमदार तिथंच असतो. कुठल्या फाइलवर आधी कोणी काय शेरा मारला, हे जुन्या आमदाराला नव्या साहेबापेक्षा जास्त माहीत असतं.

दुसरं म्हणजे तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो. नवे लोक सभागृहात आरडाओरडा करतात, टीव्हीवर दिसतात. आमचे साहेब गुपचूप प्रश्न टाकायचे. उत्तर छापून यायच्या आत खात्यातून फोन यायचा, "काम करून टाकतो, तेवढं उपप्रश्नाचं बघा." ही कला दोन टर्म गेल्याशिवाय येत नाही.

येवला

आमच्याकडं भुजबळसाहेब २००४पासून. त्याआधी माझगावचे आमदार, म्हणजे तसे बाहेरचेच. सुरुवातीला गावात त्यावरून बरंच बोललं जायचं. आता बोलणं एकाच गोष्टीवर येतं: समुद्राकडं वाहून जाणारं, मांजरपाडा प्रकल्पानं इकडं वळवलेलं पाणी पुणेगाव-दरसवाडी कालव्यानं आमच्याकडं किती येतं. पैठणी, स्मारक, सगळं त्याच्या नंतर.

निफाडकर

वरच्यांचं ठीक आहे. मला एका अनेक वेळा निवडून आलेल्या आमदारांचा अनुभव असा: गावच्या पुलासाठी निवेदन दिलं, दरवेळी हसून घेतलं, पूल नाही. पण वडिलांच्या दशक्रियेला रामकुंडावर हजर! वडिलांचं नाव, शेती, भजनाची आवड, सगळं न अडखळता बोलले. काका तिथंच म्हणाले, "मत यालाच." मला राग आला, पण भाषण खरंच चांगलं होतं.

एका आमदारांच्या कार्यालयात काम केलेला

@निफाडकर, ती माहिती गावातला कार्यकर्ता आदल्या रात्री देतो आणि चिठ्ठी गाडीत तयार असते. रोज सकाळी पेपरातली निधनवार्ता कापायचं काम माझ्याकडंच होतं. पुलाचं मात्र निवेदन देऊन चालत नाही. तो अर्थसंकल्पात घ्यावा लागतो, त्यासाठी बांधकाम खात्याचं अंदाजपत्रक आधी करून घ्या आणि त्याचा जावक क्रमांक निवेदनात टाका.