मदत हवी आहे: भाच्याला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, 'अटक नाही' म्हणतात, मग कलम २२ लागू होतं का?

नमस्कार मंडळी, कायद्यातलं जाणणारं कुणी असेल तर नीट सांगा, घरात सगळे घाबरलेत. भाचा एकोणीस वर्षांचा, सेकंड इयरला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने एवढंच लिहिलं की कागदावर टँकरच्या चार खेपा आणि वाडीत येतो एकच, शिवीगाळ नाही, जातीधर्माचं काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला 'साहेबांनी चौकशीला बोलावलंय' म्हणून नेलं ते पार त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकला सोडलं. मोबाईल ठेवून घेतला, ना पावती ना पंचनामा. दाजी रात्रभर बाहेर बाकड्यावर, भेटू दिलं नाही, आणि वकील आणू का विचारलं तर म्हणे अटकच नाही, वकील कशाला.

मी राज्यघटना काढून वाचली. कलम २२ प्रमाणे अटकेची कारणं लवकरात लवकर सांगायची, आपल्या पसंतीचा वकील भेटू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. पण अटक दाखवलीच नाही तर ते १९ तास कशात धरायचे? आणि घड्याळ कधीपासून सुरू होतं?

पालघरला २०१२ मध्ये फेसबुकवरून दोन मुलींना अटक झाली होती, त्यातूनच पुढे श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून शिक्षा देणारं आयटी ॲक्टचं कलम ६६अ रद्द केलं ना, मग पाण्यावर बोललं तर काय चुकलं?

बहीण म्हणते पोरगं घरी आलं, बास. पण तो धड जेवत नाही, ग्रुपही सोडलाय. मला हे सोडायचं नाहीये.

---

ताई, कागदावर अटक नाही म्हणून अटक नाही, असं होत नाही. मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका केसमध्ये सांगितलंय की माणसाची मोकळीक काढून घेतली तिथूनच अटक सुरू. शिवाय कलम २१ मध्ये अटक हा शब्दच नाही, तिथे व्यक्तिगत स्वातंत्र्य आहे.

आधी सीसीटीव्हीचं बघा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि फुटेज किमान वर्षभर जपायला सांगितलंय. एसपींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आरटीआयही टाका. वकिलाचा खर्च जड असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बहिणीच्या नावाने अर्ज करा, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. पुढे गरज पडलीच तर कलम २२६ खाली हायकोर्ट आहेच.

---

खूप आभार दादा. दारातच कॅमेरा आहे, दाजींनी बघितलाय. उद्याच अर्ज देते. त्यात नुसतं '१९ तास' लिहू की नेल्याची-सोडल्याची वेळ वेगवेगळी लिहू?