मदत हवी आहे: ‘अ‍ॅब्रेसिव्ह’ माणसाला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय आणि ‘अ‍ॅब्रेसिव्ह’पाशी गाडी अडली आहे.

वस्तूंचं सोपं आहे. पॉलिश पेपर, कुरुंदाचं चाक, भांडी घासायची पावडर, टूथपेस्टमधलं कॅल्शियम कार्बोनेट, हे सगळे घासून झिजवणारे, म्हणजे अ‍ॅब्रेसिव्ह. कोशातला ‘अपघर्षक’ तिथे खपून जातो. (प्रत्यक्ष काम करणारा कुणी तो उच्चारत नाही, ते सोडा.)

पण लेखातल्या मॅनेजर बाईंची ‘स्टाइल’ अ‍ॅब्रेसिव्ह आहे. काम चोख, पण मीटिंगमध्ये सूर असा: “हे मागच्याच वेळी सांगितलं होतं ना? मग परत का आणलंत?” ‘उद्धट’ लिहिलं तर मुद्दाम अपमान करतात असं होतं. ‘फटकळ’मध्ये थोडं कौतुक डोकावतं. ‘तुसडा’ माणूस कुणाला जवळच करत नाही, या तर दिवसभर टीममध्येच असतात. या शब्दात हेतू धरलेला असतो का? आणि तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद १:
हेतू असेलच असं नाही, परिणाम मात्र धरलेला असतो. लॅटिन मूळ ‘खरवडून काढणे’, ‘रेझर’ही त्याच घरातला. अ‍ॅब्रेजन म्हणजे खरचटणं: जखम वरवरची, पण चुरचुरते. म्हणून ‘बोचरं’ नको, त्यात नेम धरलेला असतो. मी ‘लागट बोलणं’ घेईन. किंवा विशेषण सोडून सरळ ‘त्यांच्या बोलण्याने माणसं दुखावतात’. आणि संगीताला अ‍ॅब्रेसिव्ह म्हटलं असेल तर ती चक्क दादही असू शकते, तिथे ‘लागट’ चालणार नाही.

प्रतिसाद २:
आधी बघा, हे लेखकाचं मत आहे की कुणीतरी मारलेला शिक्का? 2014 मध्ये कीरन स्नायडर यांनी ‘फॉर्च्यून’ मासिकात 248 कार्यमूल्यांकनांचा आढावा घेतला होता. त्यात ‘अ‍ॅब्रेसिव्ह’ 17 वेळा आला, 13 जणींसाठी. पुरुषासाठी एकदाही नाही.

धागाकर्ता:
अरेच्चा! वाक्य अवतरणचिन्हांत आहे, बाईंच्या अप्रेझलमधलं. म्हणजे शिक्काच.

प्रतिसाद २:
मग ‘माणसं दुखावतात’ असं उलगडून लिहू नका, विशेषणच ठेवा. ‘लागट बोलतात’ चालेल. पण अवतरणचिन्हं काढू नका, नाहीतर ते तुमचं मत होईल.