आकडे घेतले, शिफारशी राहिल्या

‘संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी म्हणजे नुसता कागद’ हे तुमचं म्हणणं बांगलादेशाच्या बाबतीत मला पटलं नाही. १२ फेब्रुवारी २०२५ चा मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर आलेल्या मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारनेच बोलावलेल्या चौकशीतून आला. जुलै-ऑगस्ट २०२४ मधल्या हसीना सरकारविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत आणि त्यांत शेकडा १२-१३ मुलं होती, असा त्यातला अंदाज. रंगपूरला दोन्ही हात पसरून उभ्या राहिलेल्या अबू सईद या विद्यार्थ्यावर पोलिसांनी छर्‍याच्या बंदुका चालवल्या, त्याचीही छाननी त्यात आहे. असा कागद बाजूला सारायला मन धजत नाही.

पण ‘रॅब’ हे पोलिसांचं विशेष दल बरखास्त करा, फाशी थांबवा, पक्षांवर बंदी टाळा, हेही त्याच अहवालात होतं. त्याच वर्षी मे महिन्यात हसीना यांच्या अवामी लीग पक्षाच्या कामकाजावर बंदी आली आणि नोव्हेंबरात शेख हसीना यांना गैरहजेरीत फाशी सुनावली गेली. त्यांच्या राजवटीबद्दल मला तिळभरही सहानुभूती नाही. तरी आकडे पुढे करायचे आणि शिफारशी गुंडाळून ठेवायच्या, याचा मला मनापासून संताप येतो. जुलै २०२५ च्या करारानुसार त्या कार्यालयाचं पथक ढाक्यात तीन वर्षांसाठी आहे. त्याने आधी याच तीन गोष्टींचा जाब विचारावा.